किल्लारीच्या भूकंपात चार वर्षांच्या पोरीचं कुठलं प्रारब्ध होतं?

औशाचा_माणूस: परवा कीर्तनात बुवा म्हणाले, दुःख म्हणजे मागच्या जन्माचं देणं, ते फेडावंच लागतं. शिकली-सवरलेली माणसं माना डोलवत होती. मला तिथं बसवेना, उठून आलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिली आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. पोरं गणपती बोळवून उशिरा आली, अंगावरचा गुलालही न धुता झोपली. ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिनं कुणाचं काय देणं ठेवलं होतं? असल्या श्रद्धेत माणुसकी कुठे आहे, सांगा.

सास्तूरची_लेक: दादा, मीही तिथलीच. कर्माचा हिशेब मलाही मान्य नाही, पण त्यापायी श्रद्धाच खोटी म्हणू नका. आमच्या आईनं ढिगाऱ्यातून चेपलेलं निरांजन शोधून आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये रोज दिवेलागणीला वात लावायची आणि गेलेल्या तिघांची नावं घ्यायची. एवढंच. तेही नसतं तर ती अंथरुणातून उठलीच नसती. तुकोबांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. ते विठोबाशी भांडले, पण त्याला सोडलं नाही.

जोतं_ते_छत: मी बांधकामातला माणूस. जवळपास दहा हजार लोक गेले ते दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीखाली. ना सिमेंट, ना भिंतीच्या दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड. १९९२ मध्येही तिथं हादरे बसले होते. नशिबावर ढकललं की भिंतीकडे कुणी बघत नाही, माझा राग त्यावर आहे.

सास्तूरची_लेक: भिंतीचं शंभर टक्के पटलं. पण भिंतीची जाडी सांगून आईला झोप लागली नसती हो.

औशाचा_माणूस: ताई, तुमच्या आईच्या दिव्याला माझा नमस्कार. आमच्या घरी उलटं झालं. मदतीला आलेल्या कुणीतरी वडिलांना म्हटलं, गावावर देवाचा कोप झाला. त्या वर्षी ते तुळजापूरला गेले नव्हते. पोरगी आपल्यामुळे गेली हे त्यांच्या मनानं जे घेतलं, ते शेवटपर्यंत. मी हजारदा समजावलं. ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे.

जोतं_ते_छत: दादा, पुनर्वसनातल्या घरात तरी ते निवांत झोपायचे का?

औशाचा_माणूस: नाही. बाज अंगणातच. पाऊस आला की पत्र्याखाली ओढायचे, पण उंबरठ्याच्या आत कधी झोपले नाहीत.