विषय: प्रोस्टेटनंतरची गळती, ऑपरेशन कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी,
हा मेल समितीतल्या मित्राकरवी निनावी पाठवतोय, कारण कळेलच. १४ महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढली. पीएसए (कॅन्सर परतलाय का ते बघायची रक्ततपासणी) उत्तम, पण लघवी गळते ती गळतेच. दिवसाला चार पॅड. केगलचे (लघवी रोखणारे स्नायू आवळण्याचे) व्यायाम इमानदारीने केले. गणपतीत आरतीला दाराशी उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, स्लिंग किंवा कृत्रिम स्फिंक्टर (मूत्रमार्ग आवळून लघवी रोखणारं यंत्र). कुणाला अनुभव? लिस्टवरच लिहा, माझ्यासारखे आणखीही असतील.
– एक सभासद

दादा (वय ठाऊक नाही, म्हणून दादाच),
चार पॅड म्हणजे नक्की किती? कुणाचा नुसता ओला होतो, कुणाचा गच्च. २४ तासांतले वापरलेले पॅड पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, कोऱ्यांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. या आकड्यावर डॉक्टरांचा बराच निर्णय ठरतो.

गळती थोडी ते मध्यम असेल तर स्लिंग. जाळीची पट्टी मूत्रमार्गाला खालून आधार देते, रोज हाताळायचं काही नाही. रेडिएशन झालं असेल तर मात्र तिचा भरवसा कमी.

माझी गळती जास्त होती, म्हणून २०१९ मध्ये स्फिंक्टर बसवला, एएमएस ८०० नावाचा. या जातीचं पहिलं यंत्र १९७२ मध्ये इथेच अमेरिकेत, ह्यूस्टनला बसवलं होतं. मूत्रमार्गाभोवती कफ (पाण्याने फुगणारा पट्टा), पोटात फुगा, अंडकोषाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की कफातलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते. दोन-तीन मिनिटांत कफ आपोआप भरून बंद. पहिले सहा आठवडे यंत्र चालू करत नाहीत. हे मला नीट कुणी सांगितलं नव्हतं. गळतंय बघून मी ‘फसलं’ म्हणून डोक्याला हात लावून बसलो होतो!

अगदी कोरडा नाही हं, शिंकलो की थेंब येतोच. शिवाय यंत्र झिजतं, दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना पुन्हा ऑपरेशन लागतं. संसर्ग झाला तर काढावंच लागतं. बोटांत संधिवात असेल तर नमुन्याचा पंप आधी हातात घेऊन दाबून बघा.
– साउंडवाला काका

काकांकडून एक सांगायचं राहून गेलं. आमच्या ह्यांनाही हेच यंत्र आहे. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी नर्स सरळ कॅथेटर (लघवीची नळी) घालायला निघाली. आधी कफ उघडा करून लॉक करावा लागतो, नाहीतर मूत्रमार्गाला इजा होते. पाकिटातलं यंत्राचं कार्ड मीच पुढे केलं. तेव्हा घरच्यांनाही शिकवून ठेवा. आणि गळती खोकताना-उठताना होते, की घाई लागून? घाईची असेल तर त्यावर ही ऑपरेशनं नाहीत, तिला आधी गोळ्या, मग मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन.
– फराळ समितीच्या ताई

ताई, खोकताना आणि खुर्चीतून उठताना. रेडिएशन नाही. काल तोलले, कोरे वजा जाता ४१० ग्रॅम. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, नमुन्याचा पंप मागणार आहे. बायकोने नवा काटा मागवलाय.
– तोच सभासद