हेड बसवल्यावर टायमिंग कसं तपासायचं? जुनी इंडिका डिझेल, ठाणे

कळवेकर:
गायमुखच्या चढावर गाडी तापली आणि हेड पॅकिंग (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं गॅस्केट) गेलं. हेड वागळे इस्टेटमधून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, बसवलं मीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आता चार-पाच सेल्फ मारल्यावर कशीबशी चालू होते, पांढरा धूर सोडते, ओढत अजिबात नाही. टायमिंग बेल्टचा, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचा, दात चुकला असेल का? गाडी वडिलांची आहे, भंगारात द्यायची नाही. ठाण्यात कुणाकडे नेऊ?

गावचा ट्रॅक्टरवाला:
आमच्या ट्रॅक्टरचं हेड दोनदा काढलं, टायमिंगला हातही लावावा लागला नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले की झालं.

तुर्भे डिझेल:
ट्रॅक्टरचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो, दादा, त्यामुळे हेड काढलं तरी गिअर जागचे हलत नाहीत. इंडिकाचा कॅम हेडमध्ये आहे, बेल्ट उतरवावाच लागतो.

कळवेकर, आधी सेल्फ मारणं थांबवा. पिस्टन वर आला की हेडपर्यंत जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते, चुकलेल्या टायमिंगवर व्हॉल्व्ह वाकतात. हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना गरम करणारे) काढा म्हणजे कॉम्प्रेशन सुटेल, आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेत त्या मुख्य दांड्याच्या, बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. क्रँकची खूण दर फेऱ्याला वर येते, कॅम मात्र दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. इथेच बहुतेकांची गफलत होते. ४ नंबर सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा १ नंबर कॉम्प्रेशनवर असतो. त्या वेळी सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत. बेल्टचा ढिलेपणा सगळा टेन्शनरच्या (बेल्ट ताणणाऱ्या पुलीच्या) बाजूला घ्या, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, बेल्ट काढून परत बसवा. बेल्ट जुनाच असेल तर या निमित्ताने नवा घाला.

ऐरोलीकर:
पांढऱ्या धुराला डिझेलचा वास असेल, डोळे चुरचुरत असतील, तर डिझेल न जळता बाहेर येतंय. डिझेल पंप उशिरा मारत असेल किंवा हीटर प्लग गेले असतील. वास नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर पॅकिंग पुन्हा बघावं लागेल. पंपाचे बोल्ट मात्र अंदाजाने ढिले करू नका. त्याचं टायमिंग मोजायला डायल गेज लागतो, तो वागळे इस्टेटमधल्या पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये मिळेल. चांगला मिस्त्री तुमच्यासमोर गेज लावून आकडा दाखवतो. नुसत्या आवाजावर पंप फिरवणाऱ्याकडे देऊ नका.

कळवेकर:
आज हाताने फिरवून बघितलं, कुठे अडलं नाही. क्रँक खुणेवर असताना कॅम एक दात मागे होता. नवा बेल्ट आणला, परत जुळवलं, दोन फेऱ्यांनंतरही खुणा जागेवर राहिल्या. पहिल्या सेल्फला चालू झाली, दोन मिनिटांत धूर गेला. वडील शेजारीच उभे होते. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

तुर्भे डिझेल:
छान झालं. आता आठवडाभर रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा.