मदत हवी आहे: थीम पार्कसाठी आईला कोणती घडीची व्हीलचेअर घ्यावी?

आई ७६ वर्षांची, वजन ६८ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. काठीने दहा मिनिटं चालते, मग बसावंच लागतं. पार्कात सात-आठ तास जातील.

रोलेटर (चाकं आणि बसायला सीट असलेला वॉकर) पाहिला. दमल्यावर त्यावर बसवून ढकलायची सोय नाही, तो उलटतो. ८ इंची चाकांची ट्रान्सपोर्ट चेअर (दुसऱ्यानेच ढकलायची हलकी चाकाची खुर्ची) फरशीवर छान, पण पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक अडकलं आणि आई एकदम पुढे कलली, पाय फूटरेस्टवरून सुटले. २४ इंची चाकांची व्हीलचेअर चांगली चालते, पण १८ किलोची. डिकीत मला एकटीला उचलवत नाही. बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर नको, आईच्या अंगठ्यात लिव्हर दाबून धरण्याइतका जोर नाही.

मागे १२ इंची चाकं आणि ढकलणाऱ्याच्या हातात ब्रेक असलेली, १२ किलोच्या आतली खुर्ची पेव्हर आणि उतारावर दिवसभर निभावेल का?