मदत हवी आहे: अरबी समुद्रातलं हे डिप्रेशन चक्रीवादळ ठरणार का?

वारा_वेध (२४ मे २०२५, सकाळी ७:१०)
रात्रभर जागा आहे. बॅरोमीटरवर हवेचा दाब ९७१ हेक्टोपास्कल दिसतोय, गच्चीवरच्या यंत्रावर वारा ६८ किमी आला. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये मात्र अजून डिप्रेशनच (कमी दाबाचं क्षेत्र, चक्रीवादळाहून कमी जोराचं), रत्नागिरीच्या वायव्येला ४० किमी. ६२ ओलांडले की चक्रीवादळ ना? मग नाव का देत नाहीत? व्हॉट्सअ‍ॅपवर केव्हापासून ‘शक्ती’ फिरतंय. हे चक्रीवादळ ठरणार की नाही, एवढंच सांगा. दहाच्या आत निर्णय घ्यायचाय.

समदाब
कुठून लिहिताय? घर किती उंचीवर आहे? आणि ६८ ही सरासरी की एखादा झोत?

श्रीवर्धनची_वाडी
नावाची वाट बघत बसू नका. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’च्या वेळी नावही होतं, इशाराही होता. मी पत्र्यांवर वाळूची पोती टाकून निर्धास्त राहिलो. दुपारी आमचे पत्रे शेजारच्या सुपारीच्या बागेत होते आणि पोती होती तिथेच पडली होती. पत्र्यांच्या हुकांचे नट आत्ता आवळून घ्या. माडाखाली गाडी ठेवू नका.

समदाब
दादा, त्यांनी छपराचं विचारलेलं नाही.

श्रीवर्धनची_वाडी
नसेल विचारलं. ज्याचं छप्पर गेलंय तो सांगणारच.

ढगवही_पुणे
बुलेटिन सोडा, विंडी या हवामानाच्या साइटवर युरोपियन मॉडेल लावा. शिवाय वादळांचा इशारा देणारं अमेरिकन केंद्र वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी धरतं, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची. त्यामुळे आपला आकडा नेहमी कमीच दिसतो. मला तर हे चक्रीवादळच वाटतंय.

समदाब
एक आणि तीन मिनिटांच्या सरासरीत फरक पडतो, पण तेवढ्याने डिप्रेशनचं चक्रीवादळ होत नाही. ३१ ते ४९ किमी डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ. हे सगळे टिकून राहणाऱ्या वाऱ्याचे आकडे, झोताचे नाहीत. समुद्रावर मोजायला यंत्रं कमी, म्हणून उपग्रहचित्रातल्या ढगांच्या रचनेवरून ड्वोरॅक पद्धतीने टी-आकडा, म्हणजे वादळाच्या जोराचा अंदाज, काढतात. चक्रीवादळाला २.५ लागतो. केंद्र किनाऱ्याच्या इतकं जवळ आलंय, त्याला जोर धरायला पाणी उरलंय कुठे? धागाकर्ते, उंची सांगा ना.

ऑर्लँडोकर
आमच्याकडे अटलांटिकमध्ये आधी ट्रॉपिकल (उष्ण कटिबंधी) की सबट्रॉपिकल (उपोष्ण) ते बघतात. ट्रॉपिकलला केंद्र वरपर्यंत उबदार हवं आणि मुख्य ढग केंद्राला धरून हवेत. २००२ पासून सबट्रॉपिकल वादळांनाही ट्रॉपिकलच्याच यादीतलं नाव मिळतं.

ढगवही_पुणे
मे महिन्यात कोकणासमोर सबट्रॉपिकल कुठून येणार? इथे प्रश्न वाऱ्याचा आहे.

वारा_वेध (सकाळी ८:०५)
दापोली. घर कॅम्पात, उंची ८०० फूट धरा. ६८ हा पहाटेचा एकच आकडा, यंत्र सर्वांत मोठा तेवढाच साठवून ठेवतं. आता २५ ते ३५ मध्ये आहे.
विचारतोय कारण धाकट्या भावाची होडी खाली हर्णैला नांगरून आहे. तो म्हणतो, चक्रीवादळ जाहीर झालं तर हलवतो, नुसत्या डिप्रेशनला कशाला डिझेल जाळायचं.

समदाब
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ८०० फूट म्हणजे २४४ मीटर. साधारण पावणेनऊ मीटरला १ हेक्टोपास्कल धरून २८ मिळवा. तुमचे ९७१ समुद्रसपाटीला ९९९ होतात. डिप्रेशनला शोभेल असाच दाब आहे. नाव मिळण्याची शक्यता मला दिसत नाही. होडी मात्र हलवा.

पाजपंढरी
भावाला सांगा, बंदरावरचा धोक्याचा बावटा वादळाला नाव पडायची वाट बघत नाही. डिप्रेशनला पण समुद्रात जाऊ नका असंच सांगतात. हर्णैला बंदरात आडोसा नाय, दक्षिणेचा वारा लागला की नांगर घसरतो. भरतीचं पाणी बघून आंजर्ल्याच्या खाडीत घ्या. तोंडावर गाळ आहे, ओहोटीत घुसवू नका. दोरी दुहेरी बांधा.

वारा_वेध (सकाळी ८:२०)
फोन केला. निघालाय.

रत्नागिरी_मिऱ्या
दापोलीकर, वारा कुठून आहे? आमच्याकडे सकाळपासून नैर्ऋत्येचा.

वारा_वेध
पूर्वेचा. समोरच्या काजूची सगळी पानं उलटी होऊन पांढुरकी दिसतायत.

समदाब
दोघंही वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब डाव्या हाताला. दापोलीत डावा हात दक्षिणेला जातो, रत्नागिरीत वायव्येला. केंद्र तुमच्या दोघांच्या मधे आहे. वारा कसा फिरतो ते दर तासाला लिहा, फार मोलाची नोंद होईल.

रत्नागिरी_मिऱ्या (दुपारी १:५०)
पश्चिमेचा झाला. पाऊस मुसळधार, समोरचं काही दिसत नाही.

वारा_वेध (दुपारी २:३५)
इथे पूर्वेचा आधी ईशान्येला गेला, आता जवळजवळ उत्तरेचा. बॅरोमीटर ९७३, म्हणजे १००१. होडी खाडीत आहे, भाऊ ओल्या कपड्यांत आंजर्ल्याला मामांकडे बसलाय. खात्याने पण रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडला असं दिलंय, डिप्रेशन म्हणूनच.

समदाब
वारा दापोलीत डावीकडे फिरला, रत्नागिरीत उजवीकडे. दोन घरच्या नोंदींवरून वाट सापडली. वेळा लिहून ठेवा दोघंही.

ढगवही_पुणे
आज मान्सून केरळात पोचल्याचंही जाहीर झालंय. २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. त्याचा वेगळा धागा काढतो.