शाळा तपासणीतला तो एक शब्द काढून टाकावा का?

पाटीपेन्सिल

तपासणीचा अहवाल तीन पानांचा असो की तीस, वाचला जातो तो शेवटचा शेरा. उत्तम, चांगली, सुधारणा हवी, असमाधानकारक. माझं म्हणणं असं की हा शेरा बंद करावा आणि तपासनिसाचा वेळ फायलींतून काढून मुलांच्या वह्यांत घालावा.

त्या एका शेऱ्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी कालवलेल्या असतात. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, जिन्याचा कठडा, बाहेरचा माणूस आत आला तर नोंद होते का, हे सगळं असतं किंवा नसतं. पुढे हो किंवा नाही लिहावं, विषय संपला. मूल शिकतंय का, हा प्रश्न त्या जातीचा नाही. वर्गात मागच्या बाकावर वीस मिनिटं बसून तो सुटत नाही, कारण त्या वीस मिनिटांत शिक्षक शिकवताना दिसतो, मूल शिकताना दिसेलच असं नाही.

वह्या बघायच्या म्हणजे कशा, तेही सांगतो. शाळेने टेबलावर मांडून ठेवलेल्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. हजेरीपट आणि मागच्या चाचणीचे गुण समोर घेऊन तपासनिसाने स्वतः सहा नावं काढायची: दोन पुढची, दोन मधली, दोन मागे पडलेली. प्रत्येकाची सत्राच्या सुरुवातीची पानं आणि कालची पानं शेजारी शेजारी ठेवायची. लाल शाईच्या खुणेनंतर मुलाने पुन्हा काही केलंय का? सहाही वह्यांत निबंध शब्दशः तोच असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. मागच्या मुलाच्या वहीत तारखांना भोकं पडली आहेत का, हेही बघायचं.

मग मुलाला जवळ बसवायचं. समजा वहीत ४०३ − १६७ = ३६४ असं लिहिलंय, त्यावर फुली आणि खाली नीटनेटकं २३६. नुसती वही बघणारा म्हणेल, चूक झाली, दुरुस्त झाली. पण ३६४ आलं कुठून? मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, चारातून एक गेला तीन. दशक सोडवून घेणं त्याला कळलेलंच नाही. आता कोऱ्या कागदावर ५०२ − १७८ द्या. उत्तर ४७६ आलं, तर वहीतलं २३६ बहुधा फळ्यावरचं होतं. ३२४ आलं, तर दुरुस्ती खरी. दोन मिनिटांचं काम, पण शिक्षकाचं टाचण कितीही उलटून पाहिलं तरी हे सापडणार नाही.

त्रैराशिक

वजाबाकीचं उदाहरण झकास. पण त्यावरून शाळेबद्दल काय म्हणणार? चारशे मुलांची शाळा आणि सहा वह्या! दुसऱ्या तपासनिसाने दुसरी सहा नावं काढली की दुसरीच शाळा दिसेल. इंग्लंडच्या ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये एकेका तासाला श्रेणी देणं थांबवलं, त्यामागेही हाच वाद होता: एकच तास बघून दोघं एकच श्रेणी देतील याची खात्री कोण देणार? तासाला तो न्याय, मग वहीला वेगळा का?

मत कमी करा, मोजमाप वाढवा. शाळेत येताना मूल कुठे होतं आणि जाताना कुठे आहे, हा फरक मोजा. ज्या शाळेत घरी कोणी शिकलेलं नसलेली मुलं येतात ती शेवटच्या निकालावर दरवर्षी मार खाते. फरक मोजला तर तिची मेहनत दिसते.

कडीकोयंडा

फरक मोजायचा तर सुरुवातीची चाचणी कोण घेणार? शाळाच घेणार असेल तर सुरुवात जितकी खाली तितकी प्रगती मोठी. सूचना एकदाच, तीही भरभर वाचायची, वेळ काटेकोर लावायची, की आकडा हवा तेवढा खाली. म्हणजे चाचणी बाहेरच्या माणसाने घ्यायला हवी, दोन्ही वेळा.

दुसरं, वर्गात वीस मुलं असतील तर एक मूल म्हणजे पाच टक्के. दोघं तापाने घरी राहिली की दहा टक्के इकडचे तिकडे. लहान शाळेबद्दल तीन वर्षांची सरासरी धरल्याशिवाय बोलूच नये. आणि यंदा अगदी तळाला गेलेली शाळा पुढच्या वर्षी काही न करताही बहुतेक वेळा थोडी वर येते, कारण यंदाच्या तळात थोडं दुर्दैवही होतं. तपासनिसाला वाटतं आपल्या ताशेऱ्याने सुधारली.

तिसरी चोरवाट पटाची. परीक्षेच्या आधी कच्ची मुलं 'दुसरीकडे गेली' की निकाल आपोआप उजळतो. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: दोन वर्षांपूर्वीचा पट आणि आजचा पट नावागणिक जुळवायचा, गेलेल्या प्रत्येक नावापुढे ते कुठे गेलं हे लिहून घ्यायचं, आणि त्यातल्या तीन-चार ठिकाणी खरंच दाखल झालंय का ते विचारायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण निकालाच्या रंगीत तक्त्यापेक्षा शाळेचा स्वभाव इथे जास्त कळतो.

त्रैराशिक

सगळं मान्य. तरीही ज्याच्या खोडी माहीत आहेत तो आकडा, ज्याच्या खोडी माहीत नाहीत त्या मतापेक्षा बरा.

जुनी शाई

आकड्यावर शाळा तोलायचा प्रयोग होऊन गेलाय. इंग्लंड, १८६२, तिथलं शिक्षण खातं सांभाळणारे रॉबर्ट लो यांची सुधारित संहिता, म्हणजे शाळांना अनुदान देण्याची नियमावली. सरासरी हजेरीवर मुलामागे चार शिलिंग अनुदान. शिवाय २०० पेक्षा जास्त हजेऱ्या भरलेल्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग, पण त्यासाठी तपासनीस स्वतः वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेणार, आणि एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. मोजमाप अगदी चोख.

झालं काय? वाचनाची परीक्षा ठरलेल्या पुस्तकातून, म्हणून वर्षभर तेच पुस्तक घोकून घेतलं गेलं. ज्या विषयांना पैसे नाहीत ते विषय मागे पडले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड ३५ वर्षं शाळा तपासनीस होता, तो आपल्या अहवालांतून या पद्धतीवर टीका करत राहिला. ती पूर्ण मोडीत निघायला एकोणिसावं शतक सरत आलं. सांगायचं एवढंच की तपासनीस जे मोजतो, शाळा तेवढंच शिकवायला लागते. वह्या मोजल्यात तर वह्या सुंदर होतील, त्रैराशिकरावांचा फरक मोजलात तर फरक सुंदर होईल.

दोन पोरांची आई

सगळे जाणकार बोलताय म्हणून मध्ये तोंड घालते. एक शब्द काढलात तर आम्ही वाचायचं काय? 'अध्यापनप्रक्रियेत सातत्य अपेक्षित आहे' याचा अर्थ काय, शाळा वाईट आहे की शिक्षक रजेवर होते? ज्याला आतली भाषा येते तो ओळींमधलं वाचतो. ज्याचा मित्र शिक्षक आहे तो मित्राला विचारतो. ज्याचं कोणीच नाही त्याच्या हातात तो एकच शब्द होता, आणि तुम्ही तोच काढून घेताय, वर म्हणताय शिक्षणाच्या भल्यासाठी.

पाटीपेन्सिल

रास्त तक्रार आहे. पण तो शब्द तुमची दिशाभूलही करतो. इंग्लंडमध्ये 'आउटस्टँडिंग', म्हणजे सगळ्यात वरचा शेरा, मिळालेल्या शाळांना २०१२ पासून २०२० पर्यंत नेहमीच्या तपासणीतून सूट होती. फलक मात्र फाटकावर तसाच. सूट उठल्यावर पहिल्या वर्षी ज्या शाळा तपासल्या, त्यांतल्या पाचांपैकी चारांहून जास्त शाळांचा तो शब्द गेला. इतकी वर्षं पालक त्यावर विसंबून होते.

भाषेचं म्हणाल तर अहवालात असं वाक्य हवं: 'तिसरीतल्या ज्या सहा मुलांना आम्ही तीन अंकी वजाबाकी दिली, त्यांतल्या चौघांना ती समजून करता आली नाही. पाचवीत हीच संख्या दोन.' याला तज्ज्ञ मित्र लागत नाही.

कडीकोयंडा

'पाचांपैकी चार' या आकड्याला एक शेपूट आहे. पहिल्या वर्षी मुद्दाम जास्तीत जास्त काळ न तपासलेल्या शाळा आधी घेतल्या होत्या. तेव्हा सगळ्याच अशा निघाल्या असत्या असं म्हणता येत नाही.

दोन पोरांची आई

आणि त्यातून तुमचं नाही, माझंच म्हणणं सिद्ध होतं. शब्दाने फसवलं नाही, तपासणी थांबली तिने फसवलं. दूध नासलं म्हणून पातेलं फेकत नाहीत. शब्दावर तारीख टाका, चार वर्षं झाली की फलक उतरवायला लावा.

तुमचं वजाबाकीचं वाक्य मात्र मला कळलं. पण ते छापील अहवालात येईल तेव्हा त्याचं 'संख्याज्ञानात अधिक दृढीकरणास वाव आहे' झालेलं असेल. लिहून ठेवा.

मागचा बाक

फिनलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शाळा तपासणी बंद केली. तिथे आकाश कोसळलं नाही. ही सगळी चर्चाच अनावश्यक आहे.

जुनी शाई

तिथे शिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, आणि देशभरातल्या निवडक शाळांचा नमुना घेऊन मुलांचं शिकणं तपासलं जातं. दारावरचा पहारेकरी काढला कारण कुलूप आधीच बसवलं होतं. कुलूप न बसवता पहारेकरी काढा म्हणणं सोपं आहे.

कडीकोयंडा

खुद्द इंग्लंडनेही सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी अनुदानावरच्या शाळांचा एका शब्दातला एकूण शेरा काढला. नोव्हेंबर २०२५ पासून प्रगतिपुस्तकासारखं कार्ड आलं: मुलांची सुरक्षितता फक्त 'आहे' किंवा 'नाही', आणि सर्वसमावेशकता, अभ्यासक्रम व अध्यापन, संपादणूक, हजेरी व वर्तन, व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व अशा प्रत्येक क्षेत्राला पाच पायऱ्यांपैकी एक. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतात तशी सुरक्षितता वेगळी केली, हे उत्तम. पण एक शेरा जाऊन अर्धा डझन आले. बेरीज आता लोक घरी करतील, आणि प्रत्येक जण वेगळी.

शेरेबुक

तत्त्वं पुष्कळ झाली, जरा घड्याळ लावून बघू. एका मुलाच्या एका विषयाची वही नीट वाचायला पंधरा मिनिटं, बोलायला दहा. सहा मुलं, दोन विषय: ३०० मिनिटं, म्हणजे एका इयत्तेला पाच तास. तीन इयत्ता घेतल्या की पंधरा. दोन तपासनीस, दोन दिवस, रोज मुलं हाताशी असतात ते साडेपाच तास धरले तर हातात एकूण बावीस तास.

आता त्रैराशिक यांचा आक्षेप घ्या, तो खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे दोघांनी त्याच वह्या स्वतंत्र वाचायच्या, आपापलं मत आधी कागदावर उतरवायचं आणि मगच बोलायचं. आधी बोलले की वरिष्ठाचं मत दोघांचं होतं, हे कुठल्याही समितीत दिसतं. पण तिन्ही इयत्ता अशा दुहेरी वाचायच्या तर फक्त वाचनाचे नऊ तास वाढतात, बेरीज चोवीस. वेळ बावीस. म्हणून एकच इयत्ता दुहेरी वाचायची, तीन तास जास्त, एकूण अठरा. कुठली इयत्ता ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. आणि दोघांची मतं किती वेळा जुळली नाहीत ते अहवालातच छापायचं. मतभेद लपवला की तो शेऱ्यात मुरतो.

अजून एक गोष्ट कोणी काढली नाही. गणिताची वही भाषेचा माणूस तपासतो तेव्हा तो अक्षर आणि समास बघतो. ३६४ वर त्याची नजर थांबणारच नाही, कारण खाली २३६ आहे. जोडीतला एक तरी त्या विषयाचा हवा.

त्रैराशिक

हे पटण्यासारखं आहे, विशेषतः मतभेद छापणं. पण उरले चार तास. त्यात कडीकोयंडा यांची अर्ध्या दिवसाची पटजुळणी, मुख्याध्यापकांशी बोलणं, पालकांशी बोलणं, सुरक्षितता. बसत नाही. काय गाळताय?

पाटीपेन्सिल

टाचणवह्या, सभांचे ठराव, उपक्रमांच्या फोटोंच्या फायली. हे सगळं तपासणी आहे म्हणूनच तयार होतं. पटजुळणीला शाळेत जायची गरजच नाही, ती आठवडाभर आधी कार्यालयात बसून करावी आणि शंकेची नावं घेऊन शाळेत यावं.

दोन पोरांची आई

आणि सुरक्षितता? तुमचं सगळं लक्ष वजाबाकीवर.

पाटीपेन्सिल

ती या भेटीतून काढायची. वेगळ्या दिवशी, न सांगता, वेगळ्या माणसाने. शिकण्याच्या तपासणीला एक दिवस आधी फोन करायला हरकत नाही, रातोरात वह्या मागच्या तारखेने भरून काढल्या तरी मूल ५०२ − १७८ शिकत नाही. जिन्याचा कठडा मात्र एका रात्रीत तारेने बांधता येतो.

त्रैराशिक

म्हणजे शाळेच्या दारात वर्षातून दोनदा पाहुणे. शिक्षक काय म्हणतील ते एकदा विचारून या.