बिकानेर ते भूज: द्रुतगती मार्ग की जैसलमेरचा लांबचा रस्ता?

प्रश्न – पाऊलवाट

जानेवारीच्या उत्तरार्धात आम्ही चौघे जण बिकानेरहून भूजपर्यंत मोटारीने जाणार आहोत. हाताशी आठ दिवस आहेत, गाडी चालवणारे दोघे आहेत. गाडी कमी उंचीची सेडान आहे आणि सोबत सत्तरी ओलांडलेले वडील असल्यामुळे दिवसाला सहा तासांहून अधिक प्रवास नको आहे.

नकाशावर दोन मार्ग दिसतात. एक अमृतसर–जामनगर द्रुतगती मार्ग. त्याच्या राजस्थानातील पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या भागाचे लोकार्पण जुलै 2023 मध्ये झाले. त्यावरून थेट सांचोरच्या बाजूला उतरल्यास कच्छसाठी बरेच दिवस शिल्लक राहतात. दुसरा मार्ग फलोदी, पोखरण, जैसलमेर, बाडमेर असा वळसा घेऊन सांचोरला येतो. याशिवाय तनोटहून सीमेच्या कडेने मुनाबावपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 70 देखील खुणावतो आहे. आम्हाला ठिकाणांची यादी पूर्ण करायची नाही, तर गाडीच्या काचेतून वाळवंट पाहायचे आहे. या दृष्टीने कोणता मार्ग निवडावा आणि सीमेलगतचा रस्ता आमच्या गाडीला झेपेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – मरुवाट

आपण काचेतून दिसणाऱ्या वाळवंटाविषयी विचारले आहे, त्यामुळे द्रुतगती मार्गाचा विचार सोडून द्यावा असे मी स्पष्टच सांगेन. तो रस्ता उत्तम आहे आणि ज्याला जामनगर गाठायचे आहे त्याच्यासाठी वरदान आहे. पण दोन्ही बाजूंना कुंपण, ठरावीक ठिकाणीच आत येण्याची-बाहेर पडण्याची वाट आणि मधे मनात आले तरी थांबण्याची सोय नाही, अशा रस्त्यावरून थरचे वाळवंट पडद्यावरच्या चित्रासारखे सरकत जाते. शिवाय तो जिथे वेळ वाचवतो तो नेमका आपल्याला पाहायचा असलेला पश्चिमेकडचा पट्टाच आहे.

जैसलमेरच्या मार्गाचा आराखडा मी असा करीन. पहिल्या दिवशी राष्ट्रीय महामार्ग 11 वरून फलोदीपर्यंतच जावे. हे अंतर सुमारे 165 किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी पोखरणमार्गे जैसलमेर गाठावे. तिसरा दिवस गाडी उभी ठेवून किल्ल्यासाठी आणि वडिलांच्या विश्रांतीसाठी राखावा, तर चौथा रामगढ, तनोट आणि लोंगेवाला या फेरीसाठी. पाचव्या दिवशी बाडमेर, सहाव्या दिवशी सांचोर ओलांडून राधनपूर, सातव्या दिवशी धोळावीरा आणि आठव्या दिवशी रण पार करून खावडामार्गे भूज. यातला कोणताही दिवस सहा तासांच्या फारसा पुढे जात नाही.

मात्र मार्ग ठरवताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे सूर्य कोणत्या बाजूला असेल. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे आणि खालून फिरतो. तुमचा एकूण प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे असल्यामुळे भर दुपारी तो समोरच्या काचेत येणार हे गृहीत धरा. चालवणाऱ्याचे डोळे दिपतात आणि समोरचे टेकाड नुसते पांढुरके दिसते. वाळूच्या अंगावरच्या लहरी प्रकाश तिरपा आणि बाजूने किंवा पाठीमागून आला तरच उठून दिसतात. म्हणून तनोटची फेरी सकाळी रामगढकडून सुरू करावी, कारण तेव्हा तुम्ही वायव्येला जात असता आणि ऊन पाठीवर असते. तनोटहून लोंगेवाला आणि तिथून पुन्हा रामगढ असे परतताना शेवटचा टप्पा पूर्वेकडे जातो, त्यामुळे दुपारनंतरही सूर्य मागेच राहतो. हीच फेरी उलट दिशेने केल्यास तनोटहून रामगढकडे परतताना दुपारनंतरचे ऊन पाठीवर मिळत नाही, आणि तरीही अनेक जण ती उलटी करतात.

रामगढ ते तनोट हा तुकडा माझ्या मते संपूर्ण प्रवासातला सर्वांत देखणा आहे. रस्ता टेकड्या कापत जाण्याऐवजी त्यांच्या चढ-उतारांवरूनच जातो, त्यामुळे पुढची गाडी मधेच दिसेनाशी होते आणि थोड्या वेळाने पुढच्या उंचवट्यावर पुन्हा उगवते. तनोटच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते आणि 1965 च्या युद्धात परिसरात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेले आहेत. लोंगेवाला येथे 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या लढाईचे स्मारक आहे. जैसलमेरजवळच्या सम या गावच्या टेकड्यांवरचे उंट आणि तंबू मात्र मी वगळीन. तिथे वाळूपेक्षा जीपच जास्त दिसतात.

जैसलमेरहून बाडमेरकडे निघाल्यावर सुमारे 17 किलोमीटरवर आकल येथे थांबायला विसरू नका. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे तिथे उघड्या माळावर पडलेली आहेत. जवळ बसून पाहिले तर लाकडाचे दोरे दगडातही ओळखू येतात. सकाळी वेळेवर निघालात तर त्याच दिवशी दुपारनंतर बाडमेरपासून पस्तीसेक किलोमीटरवरची किराडूची मंदिरेही होतील.

उत्तर – चाकोरी

मरुवाट यांच्या आराखड्याशी मी सहमत आहे. राष्ट्रीय महामार्ग 70 चा प्रश्न राहिला आहे, त्याविषयी लिहितो. हा रस्ता तनोट, घोटारू, आसूतार, धनाना, म्याजलार, सुंदरा करीत मुनाबावला जातो आणि तो डांबरी आहे, म्हणजे सेडानला तत्त्वतः अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. सीमेलगतच्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत बाहेरगावच्या व्यक्तींना प्रशासनाची परवानगी लागते आणि सीमेवरच्या परिस्थितीनुसार निर्बंध बदलतात. त्यामुळे जैसलमेरला पोहोचल्यावर जिल्हा प्रशासनाकडे चौकशी केल्याशिवाय हा बेत पक्का करू नये. तनोट आणि लोंगेवाला येथे भारतीय नागरिक सामान्यतः जाऊ शकतात, तरी सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत.

दुसरी बाब वाळूची. वाऱ्याने वाळूच्या जिभा रस्त्यावर येतात आणि कधी एक पूर्ण मार्गिका झाकून टाकतात. दुरून त्या डांबरावरच्या पिवळट डागासारख्या दिसतात आणि जवळ गेल्यावर समजते की तो थर वीतभर जाड आहे. अशा ठिकाणी वेग आधीच, कोरड्या डांबरावर असतानाच कमी करावा. वाळूवर चाक चढल्यानंतर ब्रेक दाबू नये, सुकाणू सरळ धरावे आणि मधे थांबू नये. समोरून येणारी गाडी वाळू टाळण्यासाठी तुमच्या बाजूला आलेली असण्याची शक्यता असते, म्हणून उंचवट्याच्या माथ्यावर विशेष जपावे. कमी उंचीच्या गाडीचे पोट अशा थरावर टेकले की चारही चाके असून नसल्यासारखी होतात. जानेवारीत वारा उन्हाळ्याइतका नसतो, तरी वर्दळ अगदीच कमी असलेल्या या रस्त्यावर अडकलात तर मदत यायला वेळ लागेल. वडील सोबत असताना मी तो रस्ता घेणार नाही. रामगढ–तनोट–लोंगेवाला या फेरीत तेच वाळवंट दिसते, शिवाय वर्दळही असते.

टाकी रामगढला भरावी. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, कारण गाई, नीलगाय आणि उंट रस्त्यावर येतात. उंटाच्या पायांवर दिवे पडतात, धड वर अंधारातच राहते. इतक्या पश्चिमेला जानेवारीत सूर्योदयच सव्वासातनंतर होतो, तेव्हा पहाटे पाचला निघण्याचा आपला नेहमीचा शिरस्ता इथे उपयोगाचा नाही. बिकानेरच्या बाजूला सकाळी धुकेही असू शकते.

उत्तर – कुरजां

फलोदीला मुक्काम करण्याची सूचना योग्य आहे, परंतु तिचे खरे कारण कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. फलोदीला लागूनच खीचन हे गाव आहे. हिवाळ्यात तिथे हजारोंच्या संख्येने कांड्या करकोचे उतरतात, ज्यांना राजस्थानात कुरजां म्हणतात. गावकऱ्यांनी कुंपण घातलेल्या चुग्गाघरात पक्ष्यांसाठी धान्य पसरलेले असते आणि सकाळी थवे तिथे येतात, त्यामुळे बिकानेरहून त्याच दिवशी निघून ते दृश्य गाठता येत नाही. सकाळ चुकलीच तर दुपारी तळ्यांच्या काठी जावे. पक्षी पाणी पिण्यासाठी तिथे जमतात. जून 2025 मध्ये खीचनचा रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत समावेश झाला आहे.

मरुवाट यांनी फलोदी ते जैसलमेर या टप्प्याविषयी एका ओळीत उरकले, ते मला पटले नाही. पोखरणच्या पुढे लाठी गावाच्या आसपास वाळूच्या टेकड्या नाहीत, सपाट गवताळ माळ आहे, आणि थरचे खरे रूप मला तरी तेच वाटते. माळढोकाचा उरलासुरला अधिवास याच भागात आणि पश्चिमेकडच्या राष्ट्रीय मरू उद्यानाच्या परिसरात आहे. पक्षी दिसेलच असे अजिबात समजू नका. मात्र क्षितिजावर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा किती दाटल्या आहेत ते अवश्य पाहा, कारण या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही आणि तारांवर आदळणे हे त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले आहे. जैसलमेरच्या सभोवती पवनचक्क्यांशिवायचे छायाचित्र हवे असेल, तर तनोटच्या रस्त्यापर्यंत थांबावे लागेल.

पुन्हा – पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीमेलगतचा रस्ता आम्ही रद्द केला आहे आणि फलोदीचा मुक्काम निश्चित केला आहे. आता धोळावीरा ते खावडा या रणातल्या रस्त्याविषयी विचारायचे आहे. भूजहून उलट बाजूने येणारे लोक तो संध्याकाळी पाहावा असे सांगतात, आम्ही मात्र पूर्वेकडून येत आहोत.

उत्तर – खडीरबेट

पूर्वेकडून येत असाल तर सकाळच योग्य. धोळावीरा ते खावडा हा रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो, त्यामुळे मरुवाट यांनी सांगितलेला सूर्याचा नियम इथे सर्वांत अधिक लागू पडतो. संध्याकाळी त्या दिशेने गेलात तर सूर्य नेमका रस्त्याच्या टोकावर असतो आणि दोन्ही बाजूंचे मीठ त्यात भर घालते. सकाळी आठ-साडेआठला निघालात तर प्रकाश पाठीमागे असेल आणि मिठाचा पांढरा रंग पांढराच दिसेल.

त्यासाठी आदल्या दिवशी राधनपूरहून सांतलपूर, आडेसर, रापर असे येऊन दुपारपर्यंत धोळावीऱ्यात पोहोचा. हडप्पाकालीन नगराचे अवशेष त्याच दुपारी पाहून घ्या. 2021 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. वडिलांना सगळे चढ-उतार जमणार नसतील तर किमान पूर्वेकडचा मोठा जलाशय तरी दाखवा: मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी अडवून एवढे शहर चालवले गेले, हे राजस्थानातून कोरड्या मुलखातून आल्यावर अधिक कळते. मुक्कामाच्या जागा मोजक्याच आहेत, म्हणून खोल्या आधी राखून ठेवाव्यात आणि टाकी रापरलाच भरावी.

रणातल्या रस्त्यावर सावली नाही आणि दुकानेही नाहीत. छायाचित्रांसाठी लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, तेव्हा वेग बेताचा ठेवा आणि स्वतः थांबताना गाडी पूर्ण कडेला घ्या. भराव उतरून गाडी मिठावर नेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वरचा पांढरा थर अनेक ठिकाणी बोटभर जाडीचा असतो आणि त्याखाली जानेवारीतही काळा, ओला चिखल असतो. माणूस चालत गेला तरी टाच आत रुतते, गाडीचे तर विचारायलाच नको. पायी उतरायचे असेल तर आधी काठीने टोचून पाहा आणि वडिलांना काठावरच थांबवा.

खावड्याला पोहोचल्यावर वेळ उरला तर काळा डुंगर करा. कच्छमधली ती सर्वांत उंच जागा आहे आणि गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आपण पार केलेले रण वडिलांना न चालताही वरून पाहता येईल. धोर्डोच्या पांढऱ्या रणात जायचे असल्यास वेगळे परवानापत्र लागते. ते भिरंडियारा येथे ओळखपत्र दाखवून मिळते.