गंगेच्या बोट-सहलीचा बदललेला कार्यक्रम : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-३०४ कुलकर्णी : सर्व सभासदांस नमस्कार. सहल समितीने काल रात्री उशिरा ग्रुपवर टाकलेले आयोजकांचे पत्र मी नीट वाचले असून त्यातील तिसऱ्या परिच्छेदाबद्दल अद्याप कोणीच अवाक्षर काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आपण आगाऊ रक्कम भरली ती कोलकाता ते पाटणा या प्रवासासाठी. आता "फेब्रुवारीतील पाण्याची पातळी लक्षात घेता" बोट मुर्शिदाबाद जिल्ह्यातूनच परत फिरेल, असे कळवले आहे. म्हणजे राजमहाल गेले, विक्रमशिला गेले, मुंगेर गेले आणि पाटणाही गेले. रक्कम मात्र जागची हललेली नाही. हा बदल कोणाला विचारून मान्य झाला, एवढेच नम्रपणे विचारतो.

ए-१०२ सहस्रबुद्धे : कुलकर्णी साहेब, बदल समितीने मान्य केलेला नसून आयोजकांनी कळवलेला आहे, आणि काही लपवायचे असते तर ते पत्र ग्रुपवर आलेच नसते. रात्री साडेअकराला टाकले, कारण त्याआधी मी आपल्याच इमारतीच्या गळक्या टाकीपाशी उभा होतो.

बी-२०१ पाटील : पैशांचे तुम्ही पुरुषमंडळी बघून घ्या. मला एकच सांगा, घाटांच्या पायऱ्यांचे काय? गुडघ्यांचे दुखणे असलेले आम्ही चौघे-पाचजण आहोत. हंपीला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

ए-१०२ सहस्रबुद्धे : पाटीलकाकू, हंपीच्या बसचा विषय कृपया पुन्हा काढू नये. तेव्हाची समिती वेगळी होती.

सी-१०१ नाईक : पाटणा वगळल्याचे दुःख सर्वांनाच झाले आहे असे कुलकर्णी काकांनी समजू नये. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी डेकवर बसू इच्छिणारे डी विंगमधील काही सभासद कालपासून फार समाधानी दिसत आहेत.

डी-२०२ भोसले : नावे घ्यायची हिंमत नसेल तर विंगचा उल्लेखही करू नये.

बी-४०४ देशमुख : पाटबंधारे खात्यात आयुष्य गेले म्हणून चार ओळी लिहितो. कोलकात्यापासून वर जाताना आपण मूळ गंगेत नसतो. आधी हुगळी आणि तिचाच वरचा भाग असलेली भागीरथी लागते. पूर्वी उन्हाळ्यात, गंगेपासून भागीरथी फुटते तेथे, पाणी जवळजवळ आटत असे. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून फराक्का येथे बंधारा बांधून १९७५ साली तो सुरू केला आणि सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून ४०,००० क्युसेकपर्यंत (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भागीरथीत वळवण्याची सोय केली. फराक्क्याच्या खाली कोरड्या ऋतूतही बोटी चालतात त्या या पाण्यावर. वरच्या गंगेत मात्र हिवाळा संपता संपता वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि प्रवाह दरवर्षी जागा बदलतो. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ हा प्रयागराज ते हल्दिया असा १,६२० किलोमीटरचा असून हल्दियापासून बिहारमधील बाढ गावापर्यंत ३ मीटर आणि तेथून गाझीपूरपर्यंत २.५ मीटर खोली राखण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. परंतु उद्दिष्ट कागदावर असते आणि बोटीचा तळ पाण्यात असतो. तेव्हा आयोजकांनी दिलेले कारण खोटे नाही. त्यांना ते पैसे घेताना ठाऊक नव्हते, हे मात्र मी मानणार नाही.

सी-३०४ कुलकर्णी : देशमुख साहेबांचे शेवटचे वाक्य सर्वांनी पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे.

सी-१०१ नाईक : अग्रेषित : "गंगा विलास" नावाची आलिशान बोट बिहारमध्ये गाळात रुतून बसली, प्रवाशांची होड्यांतून सुटका, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

बी-४०४ देशमुख : नाईक, ही बातमी जानेवारी २०२३ मधील आहे आणि अर्धीच आहे. ती बोट १३ जानेवारीस वाराणसीहून निघाली होती. बांगलादेशातून दिब्रुगढपर्यंत ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटरचा तिचा प्रवास ठरलेला होता. छपऱ्याजवळ डोरीगंज येथे ती अडकल्याची बातमी आली, तेव्हा जलमार्ग प्राधिकरणाने ती नाकारली आणि बोट ठरल्याप्रमाणे पाटण्यास पोहोचल्याचे सांगितले. काठाजवळ पाणी उथळ असल्यामुळे मोठी बोट मध्यपात्रात नांगरून पाहुण्यांना छोट्या होड्यांतून चिरांदचे उत्खननस्थळ दाखवण्यास नेले होते. नदीतील बोट बसप्रमाणे दारात लागत नाही, एवढेच त्यावरून घ्यायचे.

बी-२०१ पाटील : म्हणजे आधी मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरायचे आणि मग पायऱ्या चढायच्या. पायऱ्यांचे काय, हे मी सकाळपासून विचारते आहे.

डी-३०१ मुखर्जी : पाटीलकाकू, माझे माहेर हुगळी जिल्ह्यातले असल्यामुळे मी सांगू शकते. नवद्वीपच्या आसपासपर्यंत नदीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते. भरतीला होडी टेकली तर चार पायऱ्यांत काम होते. ओहोटीला त्याच घाटाच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्याही उघड्या पडतात आणि त्यांवरच पाय घसरतो. चंदननगरचा घाट चांगला बांधलेला आहे. लहान गावांत घाट नसतोच. मातीचा उतार असतो आणि होडीपासून काठापर्यंत फळी टाकून एकजण बांबू आडवा धरून उभा राहतो, तोच कठडा. वर पोहोचल्यावर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, बहुतेक ठिकाणी मिळते. तेव्हा प्रत्येक ठिकाणी कोणत्या वेळी उतरवणार आहेत, हे आयोजकांना विचारावे.

बी-२०१ पाटील : मुखर्जी वहिनी, सकाळपासून पहिले सरळ उत्तर तुमच्याकडून मिळाले. समितीने नोंद घ्यावी.

ए-१०२ सहस्रबुद्धे : नोंद घेतली आहे. आता उरलेल्या प्रवासात काय पाहावयाचे आहे, तेही पाहू या. श्रीरामपूर हे १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होते, चंदननगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे आणि चुंचुडा १८२५ पर्यंत डचांकडे; बंडेलला पोर्तुगीजांचे चर्च आहे. एका नदीच्या काठी, एका दिवसाच्या अंतरात, युरोपातील इतकी राष्ट्रे दुकाने मांडून बसली होती. आपल्या दृष्टीने श्रीरामपूरचे महत्त्व अधिक, कारण मिशनरी विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी शब्दकोश १८१० साली तेथे छापला, आणि शब्दकोशासाठी मोडी अक्षरांचे खिळे वापरले. पुण्या-मुंबईत मराठी छापखाने उभे राहण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पाटणा हुकले म्हणून एवढे सगळे क्षुल्लक ठरत नाही.

सी-३०४ कुलकर्णी : श्रीरामपूर मूळ कार्यक्रमातही होते. जे आधीच होते ते पुन्हा वाढून बदलाची भरपाई होत नाही. विक्रमशिलेच्या प्राचीन बौद्ध विद्यापीठाचे अवशेष पाहायचे म्हणून मी नाव दिले होते. सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात १९९१ पासून डॉल्फिनचे अभयारण्य आहे, तेही हुकले.

सी-१०१ नाईक : मराठी माणसाने पाटण्यासाठी एवढे रडू नये. आपले पूर्वज बंगालच्या स्वारीत घोड्यावरून कटव्याला गेले होते. आपण निदान वातानुकूलित केबिनमधून जात आहोत.

डी-३०१ मुखर्जी : नाईक साहेब, विनोद समजला. परंतु कटव्याच्या आसपासच्या गावांत १७४२ ते १७५१ या काळाची आठवण अजून विनोदाची झालेली नाही. बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, येतील या भीतीने कोलकात्याभोवती १७४२ साली खंदक खणला गेला, ज्याला मराठा डिच म्हणत. शहरावर हल्ला झालाच नाही. होरपळली ती खेडी. आमच्याकडे आया अजून मुलांना बर्गींचे नाव घेऊन निजवतात.

सी-३०४ कुलकर्णी : वहिनी, लुटीचे समर्थन कोणीच करत नाही. मात्र मराठ्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांना बंगालच्या नबाब अलीवर्दीखानाने १७४४ साली मानकरा येथे वाटाघाटींसाठी तंबूत बोलावून मारले, हेही त्याच इतिहासात आहे. आणि शेवटी ओरिसा व बारा लाखांची चौथाई देऊन तह त्यांनाच करावा लागला.

डी-३०१ मुखर्जी : तह नबाबाने केला. भात जळाले ते कुळांचे.

डी-२०२ भोसले : हा संदेश हटवण्यात आला आहे.

ए-१०२ सहस्रबुद्धे : भोसले साहेब, हटवलात ते उत्तम केलेत. कटव्याजवळील दाँईहाट येथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली होती आणि ती पुरी होण्याआधीच अलीवर्दीच्या फौजेने नदी ओलांडून छापा घातला. आपली बोट त्याच पाण्यातून जाणार असून आयोजकांच्या पत्रकात यातील एक शब्दही नाही. मुखर्जी वहिनी आणि कुलकर्णी साहेब यांनी तेथे डेकवर समोरासमोर बसून दोन्ही बाजू सांगाव्यात, अशी मी समितीतर्फे विनंती करतो.

सचिव : सर्वांना आठवण करून देतो की हा ग्रुप पाणी, वीज आणि देखभाल वर्गणीच्या सूचनांसाठी आहे. उद्या सकाळी नऊ ते बारा टाकी बंद राहील, हा संदेश अठराव्या शतकाखाली गाडला गेला आहे.

ए-५०२ शहा : दोन गोष्टी. आम्ही नाव दिले ते अझीमगंज आणि जियागंज येथील जैन मंदिरांसाठी. ती नव्या कार्यक्रमात आहेत का? दुसरे असे की पत्रात हजारदुआरी राजवाडा शुक्रवारी दाखवला आहे, आणि तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

सी-३०४ कुलकर्णी : यावर समितीचे काय म्हणणे आहे? १८३७ साली पुरा झालेला हजार दारांचा राजवाडा, ज्यातील शंभरेक दारे खोटी, आणि आपल्या वाट्याला उरलेली खरी दारेही बंद.

ए-१०२ सहस्रबुद्धे : शहा साहेब, हे खरोखरच आमच्या नजरेतून सुटले होते. आभारी आहे. शुक्रवारी नदीपलीकडे खुशबाग पाहून, जेथे सिराजउद्दौला आणि अलीवर्दी यांच्या कबरी आहेत, हजारदुआरी शनिवारी ठेवावे, असे सुचवतो. अझीमगंजचे आयोजकांना विचारतो. त्याच बाजूला बारानगर येथे राणी भवानींनी बांधवलेली भाजक्या मातीच्या नक्षीची मंदिरे आहेत, तीही त्यात बसावीत.

डी-३०१ मुखर्जी : प्लासीला दोन तास दिले आहेत, ते कमी केले तरी चालतील. २३ जून १७५७ च्या लढाईचे मैदान बरेचसे नदीनेच खाल्ले असून पाहण्यासारखा एक स्तंभ उरला आहे. तो वेळ मातियारीला द्यावा. तेथे घरोघरी जुने पितळ वितळवून भांडी घडवतात. अंगणात एकजण भट्टीचा भाता चालवतो, दुसरा लालभडक चकती चिमट्यात फिरवत राहतो आणि तिसरा घण घालतो. बाहेर रस्त्यावर उभे राहून बोलायचे तर ओरडावे लागते. काल्न्याची १०८ शिवमंदिरेही घाईने उरकू नयेत. १८०९ साली बांधलेली ही मंदिरे दोन वर्तुळांत आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. बाहेरच्या फेरीत एक काळे, एक पांढरे असे लिंग येते आणि आतल्या फेरीत सगळी पांढरी.

बी-२०१ पाटील : काल्न्याला पायऱ्या किती?

डी-३०१ मुखर्जी : काकू, मंदिरांचे आवार सपाट आहे. त्रास झालाच तर घाटावर होईल, आणि मी तुमच्याबरोबर आहे.

सी-१०१ नाईक : जेवणात इलिश मासा मिळेल काय, हा प्रश्न विचारायला आता भीती वाटते.

डी-३०१ मुखर्जी : इलिश पावसाळ्यातला. आणि देशमुख साहेबांच्या लाडक्या फराक्क्यापूर्वी तो अलाहाबादपर्यंत जात असे, हेही या निमित्ताने लिहून ठेवते. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना मालदा आणि मुर्शिदाबादमध्ये काठ ढासळून गावेच्या गावे नदीत गेली आहेत. बोटीतून ते कापलेले कडे दिसतील. वर अर्धी भिंत उभी असते आणि अर्धी पाण्यात.

बी-४०४ देशमुख : वहिनींचे म्हणणे मला मान्य आहे. बंदरासाठी बांधले, बंदराचा गाळ पुरता हटला नाही आणि काठच्यांनी किंमत दिली. आम्ही खात्यात हे उघड बोलत नसू. पैशांविषयी माझे मत मात्र स्पष्ट आहे : आता जो पट्टा उरला आहे तो पाहण्याजोगा आहे आणि फेब्रुवारीत तोच शहाणपणाचा आहे, परंतु फराक्क्याच्या लॉकमधून पलीकडे जाण्याचे आणि पाटण्यापर्यंतचे भाडे आयोजकांनी खिशात ठेवावे, याला काही आधार नाही. तेवढी रक्कम अंतिम हप्त्यातून वजा झाली पाहिजे.

सी-३०४ कुलकर्णी : मी सकाळी हेच लिहिले होते. कोणत्या लेटरहेडवर लिहायचे ते समितीने ठरवावे, पण लिहावे आजच.

सचिव : सोसायटीचे लेटरहेड खासगी सहलीसाठी मिळणार नाही. मागच्या सर्वसाधारण सभेत यावर पाऊण तास गेलेला आहे.

ए-१०२ सहस्रबुद्धे : लेटरहेडची गरज नाही, सर्वांच्या सह्या पुरेशा आहेत. मजकूर असा राहील : फराक्क्याच्या वरच्या प्रवासाचे भाडे अंतिम हप्त्यातून वजा करावे, हजारदुआरी शनिवारी ठेवून अझीमगंज आणि मातियारीचा समावेश करावा, आणि प्रत्येक थांब्यावर उतरण्याची वेळ, भरती-ओहोटी व पायऱ्यांची स्थिती लेखी कळवावी. ज्यांना सहलच रद्द करायची आहे त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत मला स्वतंत्रपणे कळवावे, ग्रुपवर नको.

सी-३०४ कुलकर्णी : माझे व सौ.चे नाव ठेवावे. वजावटीचे उत्तर लेखी येईपर्यंत पुढचा धनादेश मी देणार नाही, आणि इतरांनीही देऊ नये.

डी-२०२ भोसले : आमचीही दोन नावे ठेवावीत. सही करायला रात्री नऊनंतर येतो.